बोटभर मासा फूटभर होतो तेव्हा

शोभेचे मासे विकणाऱ्या कोणत्याही दुकानात जा. गप्पी, एंजल आणि सोनमासे यांच्या शेजारच्या टाकीत चांदीच्या पत्र्यातून कापून काढल्यासारखे, काळ्या काठाच्या परांचे, बोटभर लांबीचे दहा-वीस मासे एकाच दिशेला तोंड करून फिरताना बहुधा दिसतील. नाव विचारले तर दुकानदार सांगेल, ‘सिल्व्हर शार्क’. काही ठिकाणी त्याला ‘बाला शार्क’ असेही म्हणतात. दिसायला देखणा, स्वभावाने गरीब, खाण्याचे चोचले नाहीत आणि वर नावात शार्क! मुलांचे मन त्याच्यावर जडले नाही तरच नवल. मग एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी येते आणि अभ्यासाच्या टेबलावरच्या दीड फुटी टाकीत सोडली जाते. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टाकीतही हा मासा अधूनमधून भेटतो. त्याची निगा कशी राखायची ते या लेखात पाहू. पण त्याआधी थोडे गणित करावे लागेल, कारण हा मासा पाळताना होणाऱ्या बहुतेक चुका प्राणिशास्त्राच्या नसून गणिताच्या असतात.

प्रथम नावाचा निकाल लावू. शार्क म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरची मुशी किंवा मोरी. तिच्या सांगाड्यात हाड नसते, कूर्चा असते. आपला हा मासा चांगला हाडांचा, मोठ्या खवल्यांचा आणि गोड्या पाण्यातला आहे. तो कार्प कुळातला, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांचा भाऊबंद. त्याच्या जबड्यात एकही दात नाही. अन्न चिरडण्याचे दात या कुळातल्या माशांना घशात असतात. पाठीवरचा उंच, त्रिकोणी पर तेवढा शार्कसारखा दिसतो आणि तेवढ्या भांडवलावर त्याला हे भारदस्त नाव मिळाले आहे. शास्त्रीय नाव आहे बॅलँटिओकायलस मेलॅनॉप्टेरस. पहिल्या शब्दाचा अर्थ पिशवीसारख्या ओठाचा आणि दुसऱ्याचा काळ्या परांचा. खालच्या ओठाची मागे घडी पडून एक लहानशी पिशवी झालेली असते, ती भिंग घेऊन पाहिली तर दिसते.

त्याचे मूळ घर मलाया द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ येथल्या नद्यांत आहे. वाहते पाणी, पुष्कळ जागा आणि सोबतीला आपल्यासारखेच इतर मासे, अशा परिस्थितीत तो वाढतो. निसर्गात त्याची लांबी ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते. चांगल्या सांभाळलेल्या मोठ्या टाकीत तो २५ ते ३० सेंटिमीटर होतो आणि दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो. दुकानात मिळतो तो ५ सेंटिमीटरचा, म्हणजे ते पिल्लू असते. ही गोष्ट दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतो.

पाचाचे तीस आणि एकाचे दोनशे सोळा

५ सेंटिमीटरचा मासा ३० सेंटिमीटरचा झाला म्हणजे किती वाढला? सहा पट, असे उत्तर चटकन येते. लांबीपुरते ते बरोबरही आहे. पण मासा म्हणजे दोरी नव्हे. लांबी सहा पट झाली तशी उंचीही सहा पट झाली आणि जाडीही सहा पट झाली. म्हणजे घनफळ ६ × ६ × ६, अर्थात २१६ पट झाले आणि वजनही तितकेच पट वाढले. पिल्लाचे वजन सव्वा ग्रॅम धरले तर मोठ्या माशाचे वजन २७० ग्रॅम येते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न घातला, तरी निम्मी मुले आधी ‘सहा’ म्हणतात. तेव्हा शाळेतल्या वाचकांनी संकोच करण्याचे कारण नाही.

आता मासे पाळणाऱ्यांच्या तोंडी असलेला एक जुना नियम पाहा: ‘इंचाला एक गॅलन’. माशाच्या दर इंच लांबीमागे एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर पाणी पुरते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. दोन इंची सहा पिल्ले घेतली तर १२ गॅलन, म्हणजे ५४ लिटर पाणी झाले. तेच सहा मासे एकेक फुटाचे झाले की ७२ इंचांना ७२ गॅलन, सुमारे ३२४ लिटर. नियमाने पाणी सहा पट वाढवले. माशांचे वजन मात्र २१६ पट वाढले आहे.

इथे एका बारकाव्याकडे लक्ष दिले पाहिजे. वजन २१६ पट झाले म्हणून ऑक्सिजनची गरजही २१६ पट होते, असे नाही. मोठ्या प्राण्याच्या दर ग्रॅम शरीराला लहान प्राण्याच्या मानाने कमी ऑक्सिजन लागतो. माशांच्या बाबतीत ही गरज वजनाच्या साधारण ०·८ या घाताच्या प्रमाणात वाढते, असे मोजमापांवरून दिसते. लॉगॅरिथमचे कोष्टक काढून २१६ चा ०·८ वा घात काढा. उत्तर ७४ च्या आसपास येईल. म्हणजे नियम सांगतो सहा पट आणि माशाच्या कल्ल्यांचा हिशोब सांगतो चौऱ्याहत्तर पट. लहान, दोन-तीन इंचांपलीकडे न वाढणाऱ्या माशांसाठी तो नियम कामचलाऊ आहे. मोठ्या होणाऱ्या माशांसाठी तो सरळ टाकून द्यावा, असे माझे मत आहे.

‘मासा टाकीच्या मापाने वाढतो, लहान टाकीत लहानच राहतो’ असेही पुष्कळ लोक ठामपणे सांगतात. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरे. पण ती खुंटते कोंडलेल्या आणि खराब पाण्यामुळे, आणि अशा माशाचे आयुष्यही खुंटते. कुपोषित मूल उंचीने लहान राहिले म्हणून त्याला कपडा कमी लागतो, असा आनंद कोणी मानत नाही.

पाण्यातला श्वास

माशाला श्वास घेणे आपल्यापेक्षा किती अवघड आहे, याची कल्पना आकड्यांवरून येते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या, हवेशी चांगल्या मिसळलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात फक्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय पाण्यात ऑक्सिजनचे विसरण हवेतल्या विसरणापेक्षा सुमारे दहा हजार पट संथ होते. टाकीच्या पृष्ठभागावर शिरलेला ऑक्सिजन स्वस्थ पाण्यात आपल्या पायांनी तळापर्यंत चालत जाईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. पाणीच वरखाली ढवळले पाहिजे.

टाकीत बुडबुडे सोडणारा हवेचा पंप नेमके हेच काम करतो. बुडबुड्यातून पाण्यात थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो, कारण दीड-दोन फुटांचा प्रवास करून वर यायला बुडबुड्याला सेकंद-दोन सेकंद पुरतात. पण वर येताना तो तळाचे पाणी सोबत ओढून आणतो आणि पृष्ठभाग हालता ठेवतो. हवा आणि पाणी यांची खरी देवघेव तिथे, वरच्या पृष्ठभागावर होते. म्हणूनच उंच आणि अरुंद टाकी दिवाणखान्यात कितीही शोभली तरी माशाच्या दृष्टीने ती वाईट. तेवढेच पाणी पसरट टाकीत घातले तर हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढते.

उन्हाळ्यात दुहेरी संकट येते. पाणी ३० अंशांवर गेले की त्यात मावणारा ऑक्सिजन साडेसात मिलिग्रॅमवर उतरतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीरातील क्रियांचा वेग वाढून त्याची गरज वाढते. आपल्याकडे याच दिवसांत वीजही जाते. समजा, पाणी २८ अंशांवर आहे आणि त्यात लिटरमागे ७·८ मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे. तो ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतील असे धरू. म्हणजे लिटरमागे ४·८ मिलिग्रॅम ऑक्सिजन हाताशी आहे. या तापमानाला कार्प कुळातल्या माशाला किलोग्रॅममागे तासाला सुमारे २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असे धरले, तर २७० ग्रॅमचा एक मासा तासाला सुमारे ६८ मिलिग्रॅम वापरतो. तो ४० लिटरच्या टाकीत एकटा असला, तर पंप बंद पडल्यावर पावणेतीन-तीन तासांत त्याची घुसमट सुरू होईल. ६०० लिटरच्या टाकीत असे सहा मासे असले तरी सात तास मिळतात. पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन येत राहतो, तर टाकीतले जीवाणू थोडा वापरतात. या दोन्ही गोष्टी इथे सोडून दिल्या आहेत, त्यामुळे हे उत्तर ढोबळ आहे. पण रात्री दहाला गेलेली वीज सकाळी आली तर कोणती टाकी शाबूत राहील, हे कळायला एवढे पुरे. वीज नसताना तांब्याने पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहणे हा फुकटचा आणि उत्तम उपाय आहे. बॅटरीवर चालणारा लहान पंपही मिळतो.

तापमानाचेही असेच आहे. या माशाला २२ ते २८ अंश मानवते. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा टाकीला हीटर लागतो. पण त्याहून त्रासदायक असतात ते झटपट होणारे चढउतार. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ४० लिटर पाणी मावते आणि तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ लिटरमागे सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर पडते. १८० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टाकीत ६४८ लिटर मावते आणि लिटरमागे क्षेत्रफळ येते ७८ चौरस सेंटिमीटर. उष्णता जाते ती बाजूंमधून, आणि साठलेली असते ती पाण्यात. म्हणून लहान टाकी मोठीपेक्षा सव्वादोन पट वेगाने थंड होते.

न दिसणारे खत

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो साठतो आणि कल्ले जाळतो. पाण्याचा पीएच ७ असेल तर बहुतेक अमोनिया निरुपद्रवी अमोनियम आयनांच्या रूपात असतो आणि विषारी रूपात शेकडा अर्ध्याच्या आसपास. पीएच ८ झाला की हे प्रमाण जवळजवळ दहा पट होते. म्हणून खडकाळ भागातल्या विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त, जड पाणी वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहिले पाहिजे.

सुदैवाने या अमोनियावर जगणारे जीवाणू आहेत. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जीवाणू फिल्टरमधल्या स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर थर करून राहतात. त्यांची पुरेशी वस्ती होण्यास नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली, पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले आणि आठवड्यात ते मेले, ही कथा प्रत्येक गावात घडते आणि दोष मात्र माशांच्या जातीला दिला जातो. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली चोळून लख्ख धुणे ही त्याच कथेची पुढची आवृत्ती. त्यात कष्टाने वाढलेले जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच स्पंज खळबळून घ्यावा.

नायट्रेट काढायला मात्र पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. इथे भूमितीश्रेढी आपल्या मदतीला येते. समजा, आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट जमते आणि आठवड्याच्या शेवटी आपण एक चतुर्थांश पाणी बदलतो. पहिल्या आठवड्याअखेर १०, दुसऱ्याअखेर ७·५ अधिक १० म्हणजे १७·५, तिसऱ्याअखेर सुमारे २३, चौथ्याअखेर २७. आकडा वाढत जातो, पण वाढीचा वेग मंदावतो आणि ४० च्या पलीकडे तो कधीच जात नाही, कारण ४० चा चौथा भाग १०, म्हणजे आले तितके गेले. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलले तर ही मर्यादा २० वर येते. एक चतुर्थांशाऐवजी एक दशांश बदलले तर कुठे जाईल, ते तुम्हीच काढा आणि मग ‘थोडेसे पाणी बदलतो की’ म्हणणाऱ्याला दाखवा. नवे पाणी घालताना तापमान जुन्याशी जुळवावे आणि क्लोरीन घालवावे. छायाचित्रकार वापरत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात ‘अँटिक्लोर’ म्हणून थेंबांच्या बाटलीत मिळतो. तो नसेल तर पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवून अधूनमधून ढवळावे.

काचेवरचा भार

तर सहा माशांच्या थव्यासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद टाकी ही मी किमान गरज मानतो. तिच्यातले पाणीच साडेसहाशे किलोग्रॅम वजनाचे. त्यात काच, वाळू आणि दगड मिळवा. दहा-बारा मोठी माणसे कायमची एका जागी उभी आहेत असे समजून जागा निवडावी. तळमजला उत्तम. स्टँड लोखंडी आणि समतल असावा आणि तळाच्या काचेखाली थर्मोकोलचा जाड पत्रा घालावा, म्हणजे एखाद्या उंचवट्यावर सगळा भार येऊन काच तडकत नाही.

बाजूच्या काचेवर किती जोर येतो, हे दहावीच्या विद्यार्थ्याला काढता येईल. पाण्याचा दाब वरच्या कडेला शून्य असतो आणि खाली खोलीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सरासरी दाब निम्म्या खोलीचा घ्यायचा आणि त्याला काचेच्या क्षेत्रफळाने गुणायचे. ६० सेंटिमीटर खोल पाण्यात १८० सेंटिमीटर लांबीच्या काचेवर सुमारे ३२४ किलोग्रॅम वजनाइतके बल येते. खोली ४५ सेंटिमीटर केली की तेच १८२ वर उतरते, कारण बल खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पसरट टाकी ऑक्सिजनसाठी चांगली, हे आपण पाहिलेच. ती काचेसाठीही चांगली निघाली. पोहण्यासाठी तर हवीच, कारण हा मासा वरखाली फारसा करत नाही, आडवा धावतो. घरगुती कारागिराकडून एवढी टाकी करून घ्यायची तर काचेच्या जाडीत काटकसर करू नये.

टाकीवर झाकण मात्र हवेच. घाबरला की हा मासा उसळी मारतो. पाण्याच्या पृष्ठभागापासून अर्धा मीटर वर उडायला सेकंदाला सुमारे ३·१ मीटर वेग लागतो आणि कार्प कुळातल्या फूटभर माशाला क्षणभर तेवढा वेग घेणे कठीण नसते. सकाळी जमिनीवर सापडलेले मासे बहुधा असेच गेलेले असतात.

एकटा का नको

हा मासा एकटा ठेवला तर बुजरा होतो, कोपऱ्यात दडतो आणि सावली हलली तरी काचेवर धडकतो. दोन-तीन ठेवले तर त्यांच्यातला दांडगा बाकीच्यांना हुसकत राहतो. पाच-सहा असले की ती दांडगाई वाटली जाते आणि थवा जमतो. थव्याचा फायदा उघड आहे. शत्रूच्या तोंडी आपणच सापडण्याची शक्यता सोबत्यांच्या संख्येने भागली जाते, आणि पन्नास चकाकत्या अंगांतून एकावर नजर रोखणे शिकाऱ्याला जड जाते. ती चकाकीही मजेची आहे. खवल्यांत ग्वानीन या पदार्थाच्या पातळ स्फटिकांचे थर असतात आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात त्याच प्रकाशाच्या व्यतिकरणाने ते आरशासारखे काम करतात.

पण थव्यातला मासा शेजाऱ्याशी अंतर कसे राखतो? डोळ्यांनी, हे उत्तर अर्धेच आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते, ती पार्श्वरेखा. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात आणि जवळच्या पाण्याची मंद हालचाल त्या टिपतात. १९८० साली पार्ट्रिज आणि पिचर या संशोधकांनी सेथ नावाच्या समुद्री माशावर याचे प्रयोग प्रसिद्ध केले. डोळे तात्पुरते झाकलेला मासा थव्यात राहू शकला. पार्श्वरेखेची चेता तोडलेला पण डोळस मासाही राहू शकला. दोन्ही साधने गेली तेव्हा मात्र त्याला थवा धरता आला नाही. पुढे १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर दाखवले, की प्रत्येकाने फक्त तीन गोष्टी पाळल्या, म्हणजे शेजाऱ्याला धडकायचे नाही, त्याच्या दिशेने आणि वेगाने जायचे, आणि फार लांब पडायचे नाही, तर कोणी पुढारी नसतानाही थवा आपोआप तयार होतो. प्रभातफेरीत मुलांची रांग सरळ ठेवताना घसा बसणाऱ्या शिक्षकांनी यावर विचार करायला हरकत नाही!

काचेवर टिचक्या मारणाऱ्या पाहुण्यांना मात्र आवरावे. कार्प कुळातल्या माशांचे कान तीक्ष्ण असतात. त्यांच्या पोटातल्या वाताशयावर ध्वनिलहरी आदळल्या की तो थरथरतो आणि ही थरथर बारीक हाडांची एक साखळी अंतर्कर्णापर्यंत पोहोचवते. ही हाडे अर्न्स्ट वेबर या शास्त्रज्ञाने १८२० साली वर्णिली. चुंबकीय अभिवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे ते विल्हेल्म वेबर त्याचेच धाकटे भाऊ. आपल्याला जी टिचकी वाटते ती माशाला कानाशी वाजवलेल्या ढोलासारखी असणार.

खाण्याबद्दल फार सांगायला नको. गोळीखाद्य, उकडून सोललेला वाटाणा, उकडलेला पालक, पाणपिसवा, गांडुळाचे तुकडे, सारे त्याला चालते. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

टाकीच्या बाहेरचा हिशोब

आज दुकानात येणारे हे मासे जवळजवळ सगळे थायलंड-इंडोनेशियातल्या मत्स्यशेतीत तयार होतात. तळ्यात ते आपण होऊन अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांना संप्रेरकाची सुई द्यावी लागते. ही युक्ती आपल्याला परकी नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी पोष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि १० जुलै हा दिवस आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मूळ नद्यांत मात्र हा मासा पुष्कळ ठिकाणी दिसेनासा झाला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींत आहे. थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीतला त्याचा भाऊबंद ही वेगळी जात असल्याचे एन्ग आणि कोटेलाट यांनी २००७ साली दाखवले. तोवर ती जात कित्येक वर्षे कोणाला सापडलेली नव्हती! नाव मिळाले ते बाटल्यांतल्या जुन्या नमुन्यांवरून.

इकडे आपल्या घरात मासा वाढतो, टाकीत वळता येईना होतो आणि मग कोणीतरी सुचवते, ‘तलावात सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल.’ हे कदापि करू नये. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच सोडला गेला आणि आज महाराष्ट्रासह देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत पसरून मासेमारांची जाळी फाडतो आहे. मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या संस्थेला द्यावा, आणि ती सोय आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

सहा फुटी टाकी परवडत नसेल, आणि बहुतेकांना ती परवडत नाही, तर थव्याची मौज घ्यायला दुसरे मासे आहेत. आपल्याच देशातला झेब्रा डॅनिओ दीड-दोन इंचांपुढे जात नाही आणि तीन फुटी टाकीत दहा-बारा जण सुखाने धावतात. चार-पाच फुटांची टाकी आणि वाहते, थंड पाणी ठेवता येत असेल, तर ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या ओढ्या-नद्यांत तो थव्याने राहतो, साधारण १० ते १५ सेंटिमीटर होतो, आणि २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. मात्र शोभेसाठी बेसुमार पकडला गेल्याने तोही संकटात आहे. तेव्हा नदीतून धरलेला की शेतीत वाढवलेला, हे विचारूनच घ्यावा.

शाळेत टाकी असेल तर एक सोपे निरीक्षण करता येईल. टाकीपासून चार फुटांवर न हालता बसा आणि एका माशाचे कल्ल्यांचे झाकण मिनिटात किती वेळा उघडते ते घड्याळ लावून मोजा. पाण्याचे तापमान लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, खाणे घातल्यावर आणि पाणी बदलल्यावर अशी महिनाभर नोंद करून आलेख काढा. तापमान तेच असताना आकडा अचानक वाढलेला दिसला, तर मासा वर येऊन तोंड उघडण्याआधीच पाण्यात काहीतरी बिघडल्याचे कळते.

दिवाळीच्या सुटीचा प्रश्न राहिला. धडधाकट, मोठ्या माशाला आठवडाभर खायला मिळाले नाही तरी चालते. सुटी त्याहून मोठी असेल तर एक दिवसाआड टाकायच्या मापाच्या कागदी पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्यात आणि त्या शिपाईमामांच्या किंवा शेजारच्या काकूंच्या हाती द्याव्यात. खाद्याचा डबा मात्र कपाटात ठेवून किल्ली सोबत न्यावी, कारण माशाची दया येऊन मूठभर जास्त घालणारे हात फार असतात.